कमाल जुम्बलात यांचें आत्मनिवेदन

राजकारणी पुरुषाचें आत्मनिवेदन हातीं घेतांना वाचकानें दोन पथ्यें पाळावीं, असें आम्हांस वाटतें. त्याच्या हकीकतीवर एकदम विश्वास ठेवूं नये, हें पहिलें. आणि तो राजकारणी आहे एवढ्यावरूनच त्याचा प्रत्येक शब्द ढोंगाचा समजूं नये, हें दुसरें. लेबाननचे द्रुझ पुढारी कमाल जुम्बलात यांनीं फिलीप लापूस्तेर्ल या फ्रेंच पत्रकाराला सांगितलेल्या मजकुरावरून सिद्ध झालेला, ‘लेबाननसाठीं’ अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ वाचतांना या दोन्ही पथ्यांची कसोटी लागते. तो १९७८ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. तत्पूर्वींच ग्रंथकर्त्याचा खून झाला होता.

द्रुझ हा अकराव्या शतकांत मिसर देशांत उदय पावलेला पंथ. त्याचे धर्मग्रंथ दीक्षितांवांचून इतरांस खुले नाहींत, आणि पुनर्जन्मावर त्याची श्रद्धा आहे. शूफ पर्वतांतील मुख्तारा हें जुम्बलात घराण्याचें ठाणें. या घराण्यांतील पुढाऱ्यांच्या नशिबीं स्वस्थ मरण क्वचितच आलें. बशीर जुम्बलात यांस १८२५ सालीं अक्का येथें देहान्त शिक्षा झाली. कमाल यांचे वडील फुआद १९२१ सालीं मारले गेले. त्या वेळीं कमाल अवघे तीन वर्षांचे होते. मातोश्री नझीरा यांनीं पुढें दोन दशकें घराण्याचा कारभार मोठ्या धोरणानें चालविला.

अशा सरंजामी वाड्यांत वाढलेल्या पुरुषानें १९४९ सालीं समाजवादी पक्ष काढावा, गांधींना आदर्श मानावें, आणि त्रिवेंद्रमचे वेदान्ती आचार्य श्री आत्मानंद यांच्या चरणांशीं बसावें, ही गोष्ट हिंदी वाचकास विशेष कुतूहलाची वाटेल. टीकाकार म्हणतात कीं, हा सारा देखावा होता. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याला निवडणुकीसाठीं द्रुझ शेतकऱ्यांची वंशपरंपरागत निष्ठा पुरेशी होती, त्याला वेदान्ताचा देखावा करून काय मिळणार होतें?

परंतु प्रामाणिकपणा सिद्ध झाला म्हणजे संगति सिद्ध होते असें नाहीं. १९४३ च्या तडजोडीप्रमाणें लेबाननचें अध्यक्षपद मॅरोनाइट ख्रिस्त्यांकडे, मुख्य प्रधानपद सुन्नींकडे व लोकसभेचें सभापतिपद शियांकडे जाई. सभेंतील जागा सहा ख्रिस्त्यांस पांच मुसलमान या प्रमाणांत वांटल्या जात, आणि द्रुझांची गणना त्या पांचांत होई. म्हणजे जुम्बलात कितीही योग्य असले, तरी त्यांच्या जन्मानेंच त्यांस तिन्ही पदें नाकारलीं होतीं. ही वांटणी मोडावी, ही त्यांची मागणी न्यायाची होती, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. १९७५ च्या एप्रिलमध्यें यादवी पेटली तेव्हां ते डाव्या पक्षांच्या आघाडीचे नायक होते, आणि येथेंच अहिंसेच्या उपासकानें शस्त्रांनीं निर्णय लावण्याचा मार्ग धरला. १९७६ च्या मार्चमध्यें दमास्कस येथें सीरियाचे अध्यक्ष हाफेझ अल् असद यांनीं युद्ध थांबविण्याचा आग्रह केला. विजय हाताशीं आल्यासारखा वाटत असल्यामुळें जुम्बलात यांनीं तो मानला नाहीं. दोन-तीन महिन्यांतच सीरियाचें सैन्य त्यांच्याच पक्षाविरुद्ध लेबाननमध्यें उतरलें.

ग्रंथाचें बल व वैगुण्य दोन्ही याच ठिकाणीं दिसतात. लेबाननच्या राज्यरचनेचें निदान करतांना ग्रंथकर्त्याची बुद्धि शस्त्रवैद्याच्या सुरीसारखी चालते. मॅरोनाइट पुढाऱ्यांवर लिहितांना मात्र ती फिर्यादीची होते. एका पक्षाचे दोष संबंध समाजाच्या माथीं बसूं लागतात. जातवार राजकारणाचा अंत इच्छिणाऱ्याच्या तोंडीं ही भाषा शोभत नाहीं. वेदान्तानें शिकविलेलें आत्मपरीक्षण जितकें अध्यात्माच्या प्रकरणीं येतें, तितकें युद्धाच्या प्रकरणीं यावयास हवें होतें.

१६ मार्च १९७७ रोजीं शूफमधील रस्त्यावर मारेकऱ्यांनीं त्यांची मोटार गांठून त्यांस व त्यांच्या सोबत्यांस ठार केलें. संशय प्रथमपासून सीरियावर होता. तेथील राजवट उलथल्यानंतर, २०२५ च्या मार्चमध्यें, त्या खुनाचा आरोप असलेल्या एका माजी गुप्तहेरप्रमुखास नव्या सत्तेनें अटक केली. पण त्याच मार्चच्या दिवसांत, १९७७ सालीं, शूफमधील द्रुझांनीं सूड उगविला तो शेजारच्या ख्रिस्ती गांवकऱ्यांवर. शंभराहून अधिक निरपराध माणसें मारलीं गेलीं. खुनाशीं त्यांचा कांहीं एक संबंध नव्हता. त्यांचा धर्म एवढाच त्यांचा अपराध. त्यानंतर पक्षाचें व पंथाचें नेतृत्व पुत्र वलीद यांच्याकडे, पित्याकडून पुत्राकडे या जुन्याच वाटेनें गेलें.

जन्मावरून माणसाची किंमत ठरूं नये, हें सांगण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याच्या मरणाचा सूड जन्म पाहूनच घेतला गेला. ग्रंथकर्त्याला हें शेवटचें प्रकरण लिहितां आलें नाहीं. वाचकानें मात्र तें जोडूनच हा ग्रंथ वाचावा. मग त्यांतील न्यायाची मागणी अधिक खरी, आणि तिच्यासाठीं निवडलेला मार्ग अधिक दुःखद वाटल्यावांचून राहणार नाहीं.