गायनपार्टीची वाट आणि आपली समीक्षा

दलित साहित्याची समीक्षा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत बरीच पुढे आली. कविता, कथा, आत्मकथन ह्यांवर ग्रंथ निघाले, प्रबंध झाले, विद्यापीठांनी अभ्यासक्रमात पुस्तके लावली. परंतु ज्या प्रकाराने बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसाच्या दारापर्यंत नेला, त्या आंबेडकरी जलशाकडे आणि पुढे त्यातूनच वाढलेल्या गायनपार्टीकडे ह्या समीक्षेने पाहिले ते ओझरते. पाहिले तेव्हाही छापील पानावरून पाहिले. गाण्याचे शब्द तपासले. ते गाणे ज्या वाटेवर घडले ती वाट तपासली नाही. माझे म्हणणे असे की, ही वाट म्हणजे गाण्याबाहेरचा तपशील नव्हे. गाण्याचा घाट तिनेच घडविला आहे. ती वगळली म्हणजे समीक्षा दोन ठिकाणी चुकते. गाण्याचे मोल तिला नीट ठरवता येत नाही, आणि गायक म्हातारा झाला की त्याच्या कलेचे काय झाले हेही तिला सांगता येत नाही.

मी नागोठण्याला राहतो. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव आणि मग महाड, असा हा रस्ता आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले, त्यांची नातवंडे-पणतवंडे दरवर्षी मार्चमध्ये ह्याच रस्त्याने महाडला जातात. त्यांच्यासोबत गायनपार्ट्याही जातात. कोकणात भीमजयंती १४ एप्रिलला संपत नाही. चाकरमानी मुंबईहून गावी येतात तसतशी वाडीवाडीची तारीख ठरते आणि मे महिना संपेपर्यंत कुठे ना कुठे मंडप उभा असतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण घरात गाणे आले ते पुस्तकाच्या आधी. माझ्या आईला वाचता येत नाही. वामनदादांची गाणी तिला शेवटच्या अंतऱ्यासकट येतात. असे असताना वाङ्मय कशाला म्हणावे हा प्रश्न माझ्यासारख्याला केवळ वर्गात पडत नाही.

प्रथम घाटाचा विचार करू. गायनपार्टीच्या गाण्यात ध्रुपद फार वेळा येते, हा पुस्तकी वाचकाचा नेहमीचा आक्षेप. पण हे गाणे ऐकणारा माणूस कुठे बसलेला असतो? तो मोकळ्या पटांगणात, कर्ण्यापासून लांब, मांडीवर झोपलेले मूल घेऊन बसलेला असतो. कोणी जेवून उशिरा येतो, कोणी मधूनच उठतो. ध्रुपद परत आले की उशिरा आलेल्यालाही गाण्याचा मुद्दा हाती लागतो आणि तिसऱ्या फेरीला पटांगणच कोरस धरते. पानावर जी पुनरुक्ती वाटते ती मैदानात लोकशिक्षणाची रीत असते.

दुसरा आक्षेप चालीचा. चाल सिनेमाची, म्हणून गाणे उसने. वामनदादा कर्डकांनी १९४३ साली पहिले गाणे रचले तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत मजुरी करीत मोठेपणी अक्षरे शिकला आणि पुढे हजारो गाणी लिहून गेला. त्याला स्वतंत्र चाल सुचत नव्हती असे कोण म्हणेल? चाल ओळखीची असली म्हणजे श्रोत्याचे लक्ष चालीवर खर्च होत नाही, ते सगळे शब्दांवर येते. शिवाय परक्या गावातला पेटीवाला आणि ढोलकीवाला तालमीशिवाय साथीला बसू शकतो. ज्याच्याजवळ सर्व वादकांना सोबत नेण्याइतके गाडीभाडे नाही, त्याच्या कलेची ही गरज आहे आणि त्याने त्या गरजेचेच बळ केले आहे.

तिसरी गोष्ट नाममुद्रेची. शेवटच्या अंतऱ्यात कवीचे नाव येते. ही रीत संतांची, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गायनपार्टीत तिचे काम बदलले. इथे करार नव्हता, मानधनाची पावती नव्हती. गाणे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाई ते तोंडी किंवा वहीतून उतरवून. अशा वेळी ‘वामन’ ही तीन अक्षरे हाच मालकीचा एकमेव दस्तऐवज होता. जुने गायक सांगतात की मुद्रा बदलून दुसऱ्याचे गाणे स्वतःच्या नावावर गाणारेही होते. मग नाव अशा जागी गुंफायचे की ते काढले तर यमक मोडावे, ही कवीची हुशारी झाली. ही रचनेची बाब आहे, आणि तिचे कारण वाटेवर सापडते.

येथे थोडे बाहेर पाहणे उपयोगी ठरेल. १९७२ साली दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्यानंतर आपण तिथल्या काळ्या लेखकांचे वाङ्मय आवडीने वाचले. पण त्यांचे गायक आपण फारसे ऐकले नाहीत. १९५०च्या दशकात ‘रॉक अँड रोल’ नावाचे जे संगीत उभे राहिले, त्याच्या पायाभरणीत चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, बो डिडली हे काळे कलावंत होते. दक्षिणेकडच्या राज्यांत ज्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे त्याच गावात त्यांचे गाणे ऐकायला गर्दी होई. म्हातारपणीही ते रस्त्यावरच राहिले. चक बेरी गिटार घेऊन एकटा जाई, पैसे आधी मोजून घेई आणि त्या त्या गावातले वादक साथीला उभे करी. आपली गाणी सर्वांना येतात हा त्याचा भरवसा. सेंट लुईस शहरातल्या एका उपाहारगृहात १९९६ पासून २०१४ पर्यंत तो दरमहा गात राहिला. बो डिडलीला २००७ साली कार्यक्रमाच्या दौऱ्यावरच पक्षाघात झाला, तेव्हा तो ७८ वर्षांचा होता.

आपल्याकडचे विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. आपण म्हटले, शाहिराला शाहिराचे मरण आले. भावना खरी आहे. पण ७९व्या वर्षी माणूस मंचावर असतो तो निष्ठेमुळे, गाण्याच्या ओढीमुळे, की घरी बसणे परवडत नाही म्हणून, हा प्रश्न प्रत्येक वृद्ध कलावंताबाबत वेगळा विचारला पाहिजे. ज्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत अशा शेकडो गायकांच्या बाबतीत उत्तर बहुधा तिसरे असते.

ह्या वाटेचा हिशेब मांडून पाहावा. हंगाम दोन महिन्यांचा. त्याबाहेर १ जानेवारी, २० मार्च, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर असे मोजके दिवस. कोकणात पावसाचे चार महिने मंडपच नसतो. सुपारी ठरते तेव्हा निम्मे पैसे हातात पडतात; उरलेले निम्मे पहाटे, आयोजक जागा असला तर. मुक्काम समाजमंदिरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात. बायका गाणाऱ्या असतील तर त्यांनी कपडे कुठे बदलावेत, ह्याचा विचार शंभरातल्या नव्वद आयोजकांच्या मनाला शिवत नाही. साखरेची गोळी जेवणाआधी घ्यायची असते आणि जेवण रात्री एकला येते. मग भल्या पहाटे टेम्पोत पेटी, ढोलकी, बेंजो चढवायचे आणि पुढच्या वाडीला निघायचे.

ह्याच संदर्भात प्रल्हाद शिंदे ह्यांच्यावरचा एक जुना आक्षेप तपासावा लागेल. त्यांनी भीमगीतेही गायिली आणि विठ्ठलाची भक्तिगीतेही. ही तत्त्वच्युती आहे, असे आपल्यातले काही जण म्हणत आले. मला ही टीका अर्धवट वाटते. विचाराच्या बाजूने प्रश्न बरोबर आहे. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने तो विचारलाच पाहिजे. पण समाज ज्या गायकाला वर्षातून एक महिना पोसतो त्याच्याकडून तो बारा महिन्यांची निष्ठा कोणत्या अधिकाराने मागतो? उरलेले अकरा महिने कॅसेट कंपनी पोसत होती, आणि तिला जे खपते ते ती गाऊन घेत होती. प्रश्न विचारायचा तर दोघांना विचारावा, गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला.

परंतु म्हणून सारेच गाणे चांगले, असे मी म्हणत नाही. सामन्याच्या नावाखाली स्त्री-गायिकेवर केलेली हलकी शेरेबाजी, नुसता जयघोष, विचाराऐवजी नावांची यादी हे दोष गायनपार्टीत आले आणि वाढले. बाईला खाली पाहायला लावणारा सवाल-जवाब भीमाच्या मंचावर शोभत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दयेपोटी केलेली समीक्षा ही समीक्षाच नव्हे. वाटेवरचे कष्ट दाखवून खराब गाणे चांगले ठरत नाही.

उलट, वाट नीट पाहिली तर गुण अधिक काटेकोरपणे दाखवता येतात. म्हाताऱ्या गायकाचेच पाहा. आवाज उतरला म्हणजे तो पट्टी खाली घेतो, चढा अंतरा मुलाला किंवा नातीला देतो आणि स्वतः दोन गाण्यांच्या मध्ये बोलू लागतो. नागोठण्याजवळच्या एका वाडीत मी ऐकलेल्या एका वृद्ध गायकाने रात्रभरात गाणी सहाच गायिली; पण प्रत्येक गाण्याआधी ते कुठे बांधले, कोणत्या गावी दगड आले, कोणत्या घरी भाकरी मिळाली हे तो सांगत गेला. तरुण श्रोते चुळबुळ करीत होते. ध्वनिवर्धकावर नाचायचे गाणे केव्हा लागेल ह्याची ते वाट पाहत होते. मला वाटले, हे बोलणे म्हणजे आवाज गेल्याची भरपाई नव्हे. हा गद्याचा एक नवा प्रकार आहे. आपल्या चळवळीचा गाववार इतिहास त्यात आहे, आणि तो कोणत्याही ग्रंथालयात नाही.

मग करायचे काय? सरकारची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना १९५४-५५ पासून आहे. पूर्वी तीत अ, ब, क अशा श्रेणी होत्या; २०२४ मध्ये सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये ठरले. चांगले झाले. पण तिथे पोहोचायला कलावंत असल्याचे पुरावे लागतात. ज्याची सुपारी तोंडी ठरली, ज्याचे नाव पत्रकावर ‘आणि सहकारी’ ह्या दोन शब्दांत संपले, त्याने पुरावा कुठून आणावा? विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक मिळाले, त्यांच्या नावाने आज शासन जीवनगौरव पुरस्कार देते. २००२ साली त्या गेल्या तेव्हा अखेरची वर्षे ओढगस्तीतच गेली होती. गौरव आणि भाकरी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत रूथ ब्राउन ह्या गायिकेने हे ओळखले. एके काळी तिच्या ध्वनिमुद्रिकांवर कंपनी उभी राहिली. नंतर तिला धुणीभांडी करावी लागली, बस चालवावी लागली. ती थकलेल्या मानधनासाठी वर्षानुवर्षे भांडली, आणि त्या भांडणातून १९८८ साली वृद्ध कलावंतांना औषधपाण्याची व पैशाची मदत करणारी संस्था उभी राहिली. तिने शाल मागितली नाही, हिशेब मागितला.

आपल्या जयंती मंडळांनीही हिशेबापासून सुरुवात करावी. सुपारी लेखी असावी, पत्रकावर ढोलकीवाल्यापर्यंत प्रत्येकाचे नाव असावे, कार्यक्रमानंतर सहीशिक्क्याचे पत्र द्यावे. ह्याला खर्च एका कागदाचा. उद्या मानधनाच्या अर्जाला तोच कागद पुरावा होईल. ध्वनिवर्धकाच्या भाड्यातून चौथा हिस्सा काढला तर जेवण वेळेवर देता येईल आणि बायकांसाठी एक बंद खोली घेता येईल. आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रबंधाच्या विषयांसाठी ग्रंथालयात पाठवण्याआधी वाडीत पाठवावे. गाणे उतरवून घेताना चाल कोणती, पट्टी कोणती, कोणत्या गावी, साथीला कोण, गाण्याआधी गायक काय बोलला हे सर्व लिहून घ्यावे. असे शंभर वह्यांचे काम एका जिल्ह्यात झाले तर गायनपार्टीची समीक्षा लिहिता येईल. आज जी लिहिली जाते ती निम्म्या संहितेवर लिहिली जाते. उरलेली निम्मी ज्यांच्याजवळ आहे ते सत्तरीच्या पुढे गेले आहेत, आणि येत्या हंगामातही ते ह्याच रस्त्याने जाणार आहेत.