युद्धसमर्थनाच्या भाषेचा क्षय : जॉन्सन यांची दोन भाषणे

राजकीय वक्तृत्वाचा विचार करताना शब्दयोजना आणि शैली यांकडेच सामान्यतः लक्ष दिले जाते. परंतु वक्ता तोच, श्रोतृवर्ग तोच, असे असूनही एके काळी परिणामकारक ठरलेले वक्तृत्व पुढे निष्प्रभ का होते, हा प्रश्न केवळ शैलीच्या विश्लेषणाने सुटत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हिएतनाम युद्धासंबंधी केलेली ७ एप्रिल १९६५ आणि ३१ मार्च १९६८ ची भाषणे या दृष्टीने एकत्र वाचण्याजोगी आहेत.

पहिले भाषण बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झाले. पराभव, थकवा आणि माघार या तिन्ही शक्यता त्यात एकापाठोपाठ नाकारलेल्या आहेत. त्याचबरोबर आग्नेय आशियाच्या विकासासाठी शंभर कोटी डॉलरची योजना मांडली आहे. त्या नकारवाक्यांचा कर्ता ‘आपण’ हा आहे. रूपाने ही वाक्ये भविष्यकथने असली, तरी कार्याने ती वचने आहेत. ऑस्टिन यांच्या विवेचनानुसार अशी उक्ती सत्य वा असत्य नसते. ती परिस्थितीनुसार साधते वा फसते. त्या वर्षी ती साधली. ऑगस्ट १९६५ च्या गॅलप चाचणीत युद्धप्रवेश ही चूक नव्हे असे ६१ टक्के लोकांनी सांगितले. चूक म्हणणारे २४ टक्के होते.

मात्र वचनाचा पाया आधीच पोकळ होता. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिन आखातातील ज्या दुसऱ्या हल्ल्याच्या आधारे काँग्रेसची संमती मिळविण्यात आली, तो झालाच नव्हता, हे २००५ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून स्पष्ट होते. युद्धाचा विस्तार नको, असेही तेव्हा सांगण्यात आले होते. २८ जुलै १९६५ रोजी सैन्य ७५,००० वरून १,२५,००० वर नेण्याची घोषणा झाली आणि धोरणात काहीही बदल नाही, असे त्याच वार्ताहर परिषदेत सांगण्यात आले. ‘बदल’ या शब्दाचा अर्थच येथे रिकामा केला गेला. पुढे ‘विश्वासार्हतेची दरी’ हा वाक्प्रचार रूढ झाला, तो याच अनुभवातून. नोव्हेंबर १९६७ मध्ये सेनापती वेस्टमोरलँड यांनी शेवट दृष्टिपथात येत असल्याचे सांगितले. जानेवारी १९६८ अखेर टेट आक्रमण झाले.

यावर जॉन म्यूलर यांच्या १९७३ च्या ग्रंथाच्या आधारे आक्षेप घेता येईल. वाढत्या प्राणहानीबरोबर, विशेषतः आरंभीच्या काळात वेगाने, पाठिंबा घटतो, हे त्यांनी कोरिया आणि व्हिएतनाम या दोन्ही युद्धांबाबत दाखविले. चूक म्हणणारे ऑक्टोबर १९६७ मध्येच अधिक झाले होते, म्हणजे टेटच्या आधी. हेही त्यांच्या मताला पोषक आहे. तेव्हा जॉन्सन यांच्या असत्यामुळेच पाठिंबा गेला, असे म्हणणे टिकणार नाही. परंतु घसरण सुरू झाल्यावर ती थोपविण्याचे जे एकमेव साधन नेत्याजवळ असते, ते त्यांनी स्वतःच निकामी केले होते. प्राणहानीने पाठिंबा नेला. भाषेच्या दुरुपयोगाने तो परत मिळविण्याची वाट बंद केली.

दुसऱ्या भाषणाची साक्ष याच बाजूची आहे. मसुद्यातील आरंभीच्या वाक्यात ‘युद्ध’ हा विषय होता. अंतिम पाठात त्या जागी ‘शांतता’ आली. शेवटी ‘आपण’ मागे सरतो आणि ‘मी’ पुढे येतो : पक्षाची उमेदवारी मागणार नाही, दिली तरी स्वीकारणार नाही. हे वचन पाळणे सर्वस्वी वक्त्याच्या हाती होते आणि त्यासाठी त्याला किंमत मोजावी लागणार होती. म्हणून त्यावर विश्वास बसला. अध्यक्षांच्या शब्दाला पुन्हा वजन आले, ते पद सोडण्याच्या वाक्यात. युद्धाच्या समर्थनाची भाषा अभ्यासताना शब्दांच्या सामर्थ्याइतकाच, त्या शब्दांमागे वक्त्याने स्वतःचे काय पणाला लावले आहे, याचाही विचार अभ्यासकाने केला पाहिजे.