तिखाडीचा वास आणि तीन उसनी नावे

दिवाळीच्या सुमारास चंद्रपूर-गडचिरोलीकडे विरळ जंगलाच्या कडेने चालत गेले, की पायाखाली एक उंच गवत चुरडते आणि वास दरवळतो. आमच्याकडे या गवताला तिखाडी म्हणतात. खानदेशात आणि पुस्तकांत रोशा. त्याचे तेल दुखऱ्या गुडघ्यांना चोळतात. त्यामुळे माझ्यासारख्यांना हा वास म्हणजे थंडीची रात्र, शेगडी आणि घरातली म्हातारी माणसे. अत्तराच्या बाजारात मात्र हेच तेल ‘पामारोझा’ या नावाने जाते आणि त्याची ओळख एका शब्दात उरकली जाते : गुलाबासारखे. या ‘सारखे’विषयी माझी तक्रार आहे.

पहिले उसने नाव वाळवंटाचे. एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पती आणि औषधींच्या ग्रंथांत आपले गवत ‘अँड्रोपोगॉन शोएनॅन्थस’ या नावाखाली येते. फ्लुकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ च्या ‘फार्माकोग्राफिया’तही तसेच आहे. वास्तविक हे नाव अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटी प्रदेशात उगवणाऱ्या सुगंधी उंटगवताचे, अरबांच्या इज़्खिरचे. दोन्ही गवते एकाच कुळातली, पण सख्खी नव्हेत. हा गुंता ऑटो स्टाफ या अभ्यासकाने १९०६ मध्ये क्यू उद्यानाच्या पत्रिकेत सोडवला. आज रूढ असलेल्या ‘सिम्बोपोगॉन मार्टिनी’ या नावात जनरल क्लॉड मार्टिन आहे. टिपूविरुद्धच्या मोहिमेत त्याने दख्खनच्या उंच भागातून या गवताचे बी गोळा केले होते. जनावरे हे गवत आवडीने खातात आणि दुधालाही त्याचा वास लागतो, हे त्याचे निरीक्षण रॉक्सबर्गने नोंदवले आहे. गुराख्यांना हे आधीपासून ठाऊक असणार. नाव मात्र जनरलचे लागले.

दुसरे नाव तुर्कस्तानचे. खानदेश-निमाडात गाळलेले तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे जाई आणि तिथून इस्तंबूलला. तुर्की व्यापारी त्याला इद्रिस यागी म्हणत. तिथे ते उन्हात ठेवून फिके करत आणि मग बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळत. युरोपातल्या बाजारात या तेलाला ‘तुर्की जेरॅनियम तेल’ म्हणत. म्हणजे ते तुर्की नव्हते आणि जेरॅनियमचेही नव्हते.

तिसरे नाव रसायनशास्त्राचे. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक सुगंधी द्रव्य प्रथमच शुद्ध रूपात वेगळे केले आणि ते ‘जेरॅनिऑल’ म्हणून ओळखले जाऊ लागले. गुलाबाच्या वासाचा हा एक मुख्य आधार. याकोबसेनने ते ज्या तेलातून काढले, ते भारतातून आलेले गवताचे तेल होते. त्या द्रव्याला जेरॅनियमचे नाव मिळाले, गुलाबाची प्रतिष्ठा मिळाली; गवत मागे राहिले.

आता वासाकडे वळू, कारण समीक्षेने शेवटी कृतीकडेच यायला हवे. तिखाडीच्या चांगल्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जेरॅनिऑल असते. गुलाबाचा भास त्यामुळेच होतो आणि जुनी भेसळ त्यामुळेच सहज पचत असे. पण बाटली उघडल्यावर आधी येतो तो तिखटपणा, मग हिरवा, किंचित लिंबाकडे झुकणारा वास. गुलाब मधल्या टप्प्यावर भेटतो. रुमालावर सकाळपर्यंत उरतो तो वाळल्या चाऱ्याचा कोरडा गंध. गुलाबाच्या मापाने मोजले, तर आधीचा तिखटपणा आणि नंतरचा कोरडेपणा दोन्ही दोष ठरतात. तिखाडीच्या मापाने मोजले, तर तेच तिचे व्यक्तिमत्त्व आहे. झाडीबोलीतल्या लेखनाविषयी ‘बोलीचा गोडवा’ म्हणून पुढे सरकणारी समीक्षा याच जातीची : ओळखीचे तेवढे उचलायचे, उरलेले गाळून टाकायचे.

बारकावे टिपणारी भाषा आपल्याकडे नव्हती असेही नाही. तेलाच्या धंद्यात ‘मोतिया’ आणि ‘सोफिया’ असे दोन शब्द रूढ होते. मोतिया सरस, सोफिया उग्र. जुन्या लेखकांना वाटे की एकच गवत कोवळेपणी मोतिया आणि जून झाल्यावर सोफिया होते. पुढे अभ्यासकांनी हे दोन वेगळे प्रकार मानले : मोतिया कोरड्या, उघड्या उतारावरचा, सोफिया ओलसर जागेतला. म्हणजे नाकाने केलेला भेद वनस्पतिशास्त्राने मागाहून मान्य केला.

नावांचा एवढा खल कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर गडचिरोलीतच आहे. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना ‘वृक्षा’त होती, २००६ च्या वनहक्क कायद्याने तो ‘गौण वनोपज’ ठरवला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचा अधिकार हाती यायला २०११ उजाडले. बांबू तोच होता, जंगल तेच होते. कागदावरचा शब्द कोणता लागू करायचा, यावर तो कुणाचा हे ठरत होते. त्याच २००६ च्या कायद्याच्या व्याख्येत वनस्पतिजन्य, लाकडाखेरीजची सगळी वनोपज येते. तिखाडीही येते. तेव्हा ग्रामसभेच्या हद्दीत कापलेल्या गवताचे तेल कोणत्या नावाने बाजारात उभे राहते, हा केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. ‘गुलाबासारखे’ म्हणून विकलेल्या मालाची किंमत गुलाबाकडे बघत ठरते आणि ती नेहमी गुलाबाहून कमीच असते.

आपल्या साहित्यानेही इथे हात आखडताच घेतला आहे. जंगलाचा वास लिहायचा झाला, की आपल्याला मोह आठवतो. मोहाचे मोठेपण मला मान्य आहे. पण मोह फुलतो उन्हाळ्याच्या तोंडावर. दिवाळीत, दिवाळी अंक हाती येतो त्या दिवसांत, रानात तिखाडी पिकलेली असते. तिच्याविषयी लिहिताना निदान एकदा ‘सारखे’ हा शब्द न वापरता लिहून पाहावे. मी या लेखात तो टाळू शकलो नाही, हे मला कळते.