पिगीचा चष्मा

विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. विमान कोसळून इंग्लंडमधील काही शाळकरी मुले निर्मनुष्य बेटावर अडकतात. सभा भरवतात, नियम करतात, आणि बघता बघता एकमेकांच्या जिवावर उठतात. संस्कृती कोसळते कशी, हे लेखकाने पात्रांतून दाखवले आहे. राल्फ म्हणजे सभा आणि शिस्त, जॅक म्हणजे शिकार आणि सत्ता, तर पिगी म्हणजे विज्ञान, असे समीक्षक सांगत आले. पिगी आपल्या प्रांतातला, म्हणून त्याच्याविषयीच बोलू.

पिगीच्या चष्म्याने सूर्यकिरण एकवटून मुले पहिला जाळ पेटवतात. इथे विज्ञानशिक्षकाला ठेच लागते. पिगीला लांबचे दिसत नाही, त्याला निकटदृष्टिता आहे, असे लेखकच सांगतो. म्हणजे चष्मा अंतर्गोल भिंगाचा. त्यातून जाणारे समांतर किरण एकत्र येत नाहीत, फाकतात. वर्गात कुणा ना कुणाकडे असा चष्मा असतोच. तो उन्हात कागदावर धरा. भिंगाखाली फिकट सावली आणि तिच्या कडेला उजेड दिसेल. दिवसभर खटपट केली तरी पाला पेटायचा नाही. ‘अधिक ३’ नंबरचे बहिर्गोल भिंग असते, तर सुमारे ३३ सेंटिमीटरवर सूर्याचा ठिपका मिळाला असता.

ही चूक अनेकांनी दाखवली आहे. तेवढ्यावरून कादंबरी बाद करणे कोतेपणाचे होईल. (गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होते, भौतिकशास्त्राचे मात्र नव्हेत.) आमची तक्रार वेगळी आहे. या बेटावर विज्ञान म्हणजे एका मुलाच्या नाकावरची वस्तू. काटक्या घासण्याची, धनुष्याने काडी फिरवण्याची गोष्ट निघते, पण करून कुणीच पाहत नाही. पिगी सूर्यघड्याळ सुचवतो. त्याची टवाळी होते आणि घड्याळ राहून जाते. त्याला स्वतःलाही अंगमेहनत नको असते. मग चष्मा चोरीला गेला की आगही गेली!

१९६५ साली टोंगातील सहा शाळकरी मुले होडीतून भरकटत ‘अता’ नावाच्या निर्जन बेटाला लागली. त्यांनी काटक्या घासून आग पेटवली आणि पाळ्या लावून ती जपली. एकाचा पाय मोडला, तर बाकीच्यांनी तो बांधून बरा केला. सप्टेंबर १९६६मध्ये ऑस्ट्रेलियाचे पीटर वॉर्नर यांना ती धडधाकट सापडली. एवढ्याने गोल्डिंग खोटे ठरत नाहीत. सहा मित्र वेगळे आणि अनोळखी मुलांचा जमाव वेगळा.

पण या पाळ्यांमुळे कादंबरीतला एक प्रसंग आम्ही पुन्हा काढून वाचला. चष्मा फुटणे म्हणजे संस्कृती फुटणे, असे आपण शिकवतो. पाळ्या तर राल्फच्या बेटावरही ठरलेल्या होत्या. पाळीवरची मुले जॅकबरोबर डुकराच्या मागे गेली, आग विझली, आणि नेमके तेव्हाच क्षितिजावरून एक जहाज निघून गेले. जॅकच्या फटक्याने चष्म्याची एक काच फुटली ती त्यानंतरच्या भांडणात. जहाज जाताना दोन्ही काचा शाबूत होत्या.