हिरव्या लेपाला फुकटचे श्रेय

घर्षणाचा पाठ शिकवताना टेफ्लॉनचे उदाहरण आपण सगळेच देतो. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अपघातानेच सापडलेला हा पदार्थ अतिशय निसरडा. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "टेफ्लॉन लावलेली गोळी पोलिसांच्या जाकिटातून आरपार जाते ना?" लोकप्रिय लिखाणात याचे उत्तर बहुधा 'हो' असे सापडते. आमच्या मते ते साफ चूक आहे, आणि ते का चूक आहे हे वर्गात उलगडून दाखवण्यासारखे आहे.

या गोळीचा जन्म १९६० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. डॉ. पॉल कॉप्श आणि त्यांचे सहकारी टर्कस व वॉर्ड यांना पोलिसांसाठी मोटारीचे दार आणि काच भेदणारी गोळी हवी होती. शिशाची गोळी तिथे चपटी होते. म्हणून त्यांनी गाभा टंगस्टनच्या मिश्रधातूचा, पुढे कठीण पितळेचा केला. पण अशी गोळी नळीच्या आतले पीळदार आटे खरवडते. झीज आणि गंज टाळण्यासाठी एरवी नळीला आतून क्रोमियमचा मुलामा देतात. इथे लेप गोळीलाच दिला, हिरव्या रंगाच्या टेफ्लॉनचा. म्हणजे लेप होता तो बंदूक वाचवण्यासाठी!

केव्हलारच्या जाकिटाचे चिवट धागे ताणले जातात आणि गोळीची ऊर्जा आजूबाजूला पसरवतात. मऊ गोळी चपटी झाली की अधिक धागे कामाला लागतात. कठीण गोळी चपटी होत नाही. तिचा सारा मारा मोजक्या धाग्यांवर पडतो. लेपाने धातू व काच भेदायला मदत होते, केव्हलार भेदायला मात्र उलट अडथळाच होतो, असे खुद्द कॉप्श यांनीच पुढे सांगितले.

तरीही १९८२ साली एनबीसी वाहिनीने या गोळीवर कार्यक्रम केला आणि 'टेफ्लॉनची गोळी' घरोघरी पोचली. पोलीस सदऱ्याखाली जाकीट घालतात हे गुन्हेगारांना कळेल, ही पोलिसांची धास्ती बाजूलाच राहिली. उत्तर कॅरोलायना राज्याने तर कायद्यातच 'टेफ्लॉन' हा शब्द घातला. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने मात्र लेपाचा विचार न करता गाभ्याचे धातू मोजले: टंगस्टनचे मिश्रधातू, पोलाद, लोखंड, पितळ वगैरे. कायदा करणाऱ्यांना इथे विज्ञान अधिक कळले, असे म्हणायला हरकत नाही.

या गोळीत दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, गाभा आणि लेप. त्यांतली डोळ्यांना दिसणारी एकच. श्रेय तिला मिळाले. शिशाच्या गोळीला टेफ्लॉन लावून काय होते, हा साधा प्रश्न बातमी पुढे नेणाऱ्यांनी विचारायला हवा होता.

वर्गात बंदूक नको, शाडू पुरे. दोन सारख्या गोळ्या करा, एक ओली ठेवा, दुसरी खडखडीत वाळवा. डब्यावर ताणून बांधलेल्या पातळ कागदावर त्या सारख्याच उंचीवरून सोडा. उंची हळूहळू वाढवत न्या. तिसऱ्या खेपेस ओल्या गोळीला तेल चोपडा, आणि सोडण्याआधी मुलांचे अंदाज फळ्यावर लिहून घ्या.