इम्पोर्ट करणं म्हणजेही चालवणंच: पायथनच्या एका ओळीचं परीक्षण

पायथनमध्ये थोडंफार काम केलेल्या कुणालाही ही ओळ ओळखीची असते:

इफ __नेम__ == "__मेन__":

ही ओळ कशासाठी, असं विचारलं की उत्तरही पाठ असतं: फाइल थेट चालवली आहे की दुसऱ्या फाइलने इम्पोर्ट केली आहे, हे तिच्यावरून कळतं. तोंडी परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं माहीत नसल्याचा त्रास संशोधनासाठी कोड लिहिणाऱ्यांना जास्त होतो. म्हणून आज या एका ओळीचं परीक्षण करूया. ती नेमकं काय सांगते, कुठे कमी पडते, आणि एवढं असूनही ती का ठेवायची?

आधी यंत्रणा समजून घेऊ. सी भाषेत प्रोग्रॅम मेन नावाच्या फंक्शनपासून सुरू होतो, हे भाषेनेच ठरवून दिलेलं आहे. पायथनमध्ये अशी सोय नाही. पायथन फाइल उघडतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेक विधान चालवत जातो. 'डेफ'सुद्धा त्याच्या दृष्टीने एक विधानच आहे: ते चालवलं की एक फंक्शन तयार होतं आणि त्याला नाव मिळतं.

आता इम्पोर्ट केल्यावर काय होतं? अगदी हेच! पायथन फाइल शोधतो, मॉड्यूलची नोंद 'सिस.मॉड्यूल्स' नावाच्या यादीत करतो आणि फाइल वरपासून खालपर्यंत चालवतो. पुन्हा कुणी तेच मॉड्यूल मागितलं तर यादीतलं काढून देतो, दुसऱ्यांदा चालवत नाही. म्हणजे 'चालवली की इम्पोर्ट केली' हा प्रश्नच जरा फसवा आहे. फाइल दोन्ही वेळा चालते. फरक फक्त नावात असतो. 'पाऊस' नावाची फाइल इम्पोर्ट झाली तर तिच्या __नेम__ मध्ये 'पाऊस' असतं. काम तिच्यापासूनच सुरू झालं असेल तर तिथे '__मेन__' असतं. या धावेत पहिली फाइल कोणती, एवढंच ही ओळ सांगते.

हे लक्षात आलं की तिच्या उणिवा आपोआप दिसायला लागतात.

पहिली उणीव: 'तू मुख्य आहेस' हे सांगण्यासाठी पायथन फाइलचं खरं नावच काढून घेतो. समजा 'पाऊस' फाइलमध्ये 'केंद्र' नावाचा क्लास आहे. फाइल थेट चालवून तुम्ही त्या क्लासच्या वस्तू पिकल करून ठेवल्या. पिकलमध्ये क्लासचा कोड जात नाही, फक्त त्याचा पत्ता जातो, आणि इथे तो पत्ता असतो '__मेन__ मधला केंद्र'. सहा महिन्यांनी आलेखांसाठी वेगळी स्क्रिप्ट लिहून तीच पिकल फाइल उघडायला गेलात, तर पायथन त्या नव्या __मेन__ मध्ये 'केंद्र' शोधतो. तो तिथे नसतो, म्हणून एरर येते. डेटा जागेवर असतो, पत्ता चुकीचा असतो. शिवाय मुख्य फाइल दुसरी एखादी फाइल इम्पोर्ट करते आणि ती उलट 'पाऊस' इम्पोर्ट करते, असं झालं तर एकच फाइल दोन नावांनी दोनदा चालते. मग 'केंद्र'ही दोन तयार होतात आणि एका 'केंद्र'ची वस्तू दुसऱ्याच्या तपासणीत नापास होते.

याची जाणीव भाषेच्या कर्त्यांना होती. २००७ मध्ये ब्रेट कॅनन यांनी पेप ३१२२ मांडला. फाइलला तिचं खरं नाव राहू द्यावं आणि मुख्य फाइल कोणती ते वेगळीकडे नोंदवावं, अशी त्यातली सूचना होती. गिदो व्हान रॉसम यांनी ती नाकारली. पॅकेजच्या आतच पडलेल्या फाइली थेट चालवणं ही पद्धतच मुळात चुकीची, असं त्यांचं म्हणणं होतं. तत्त्व म्हणून ते पटतं. पण प्रयोगशाळेतला कोड नेमका असाच वाढतो: आधी एक स्क्रिप्ट, मग शेजारी दुसरी, मग दोघींना लागणारी तिसरी.

दुसरी उणीव: ही ओळ 'माणूस समोर बसून चालवतोय का' हे सांगत नाही, तरी बरेच जण तिच्याकडून तेच समजून घेतात. ज्युपिटर नोटबुकमध्ये __नेम__ कायम '__मेन__' असतं, त्यामुळे तिथे ही अट नेहमीच खरी ठरते. त्याउलट, गणित अनेक प्रोसेसमध्ये वाटून देण्यासाठी मल्टिप्रोसेसिंग वापरलं तर विंडोजवर प्रत्येक नवी प्रोसेस तुमची मुख्य फाइल पुन्हा वाचते, आणि त्या वेळी तिचं नाव असतं '__एमपी_मेन__'. गार्डची ओळ नसेल तर नवी प्रोसेसही आणखी प्रोसेस सुरू करायला जाते आणि सगळं एररने थांबतं.

लिनक्सवर हे फार काळ जाणवलं नाही. तिथे फोर्क पद्धत होती: चालू प्रोसेसचीच नक्कल निघायची, फाइल पुन्हा वाचायची गरज नसायची. मॅकवर पायथन ३.८ पासून विंडोजसारखी पद्धत आली, आणि ३.१४ पासून लिनक्सवरही फोर्क ही ठरलेली पद्धत राहिलेली नाही. त्यामुळे सर्व्हरवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला, गार्ड नसलेला कोड पायथनची आवृत्ती बदलल्यावर अचानक अडू शकतो. 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यामागे कधी कधी एवढीशी गोष्ट असते.

तिसरी उणीव: सगळा संकेताचा कारभार आहे. अट म्हणजे दोन शब्दांची तुलना. 'मेन'च्या स्पेलिंगमधली दोन अक्षरं मागेपुढे झाली तर पायथन तक्रार करत नाही. अट खोटी ठरते, फाइल चालते आणि काहीही न करता संपते. ही ओळ नवख्याला गूढ वाटते ती वाटते, वर चुकली तर बोलतही नाही.

मग भाषेने सरळ एक खास मेन फंक्शनच का दिलं नाही? तशी सूचना आली होती. २००२ मध्ये जेफ एप्लर यांनी पेप २९९ मध्ये ती मांडली आणि २००६ मध्ये ती नाकारली गेली. जुन्या कोडशी जुळवून घेण्याच्या अडचणी होत्याच. शिवाय आहे त्या पद्धतीत विशेष काही बिघडलेलं नाही, मग लोकांच्या सवयी कशाला बदलायच्या, असं गिदो यांचं मत पडलं. 'काही बिघडलेलं नाही' हे मला मान्य नाही. वर तीन गोष्टी दिल्याच आहेत. तरी निर्णय मला योग्य वाटतो, पण वेगळ्या कारणासाठी. खास फंक्शन आलं असतं तरी फाइलमधल्या मोकळ्या ओळी इम्पोर्टच्या वेळी चालल्याच असत्या. दुखणं तसंच राहिलं असतं, फक्त वरून नीटनेटकं दिसलं असतं.

आणि ते दुखणं साधं नाही. समजा तुमच्या फाइलमध्ये तापमानावरून संपृक्त बाष्पदाब काढणारं एक छोटं फंक्शन आहे. तुमचा निबंध वाचून कुणाला ते तपासायचं आहे. तपासणी सोपी आहे: २० अंश सेल्सिअस दिलं की उत्तर २३.४ हेक्टोपास्कलच्या आसपास यायला हवं. तो तुमची फाइल इम्पोर्ट करतो, आणि तीस वर्षांचा डेटा वाचायला सुरुवात होते, आलेख उघडतात, शेवटी निकालांची जुनी फाइल पुसून त्या जागी नवी लिहिली जाते. त्याला फक्त एक आकडा पाहायचा होता! मग तो काय करतो? फंक्शन कॉपी करून आपल्या फाइलमध्ये चिकटवतो. आता एका सूत्राच्या दोन प्रती झाल्या. उद्या एकीत दुरुस्ती झाली तरी दुसरीला त्याचा पत्ता नसतो. पुढे दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि कारण शोधण्यात आठवडे जातात.

या ओळीची खरी किंमत इथे आहे. ती फाइलचे दोन भाग करायला लावते: वर 'हे असं काढतात', खाली 'आता काढा'. वरचा भाग कुणीही बिनधास्त मागून घ्यावा, तपासावा, वापरावा. खालचा भाग मागितल्याशिवाय चालू नये. शोधनिबंधात आपण पद्धती आणि निकाल वेगळे लिहितो, तसाच हा प्रकार आहे.

पण नुसती ओळ टाकून भागत नाही. गार्डखाली दोनशे ओळी लिहिलेल्या फाइली तुम्हीही पाहिल्या असतील. त्या दोनशे ओळी इम्पोर्ट करून मिळत नाहीत, त्यामुळे त्यांची चाचणीही लिहिता येत नाही. त्याहून छुपा धोका म्हणजे गार्डखाली तयार केलेलं चल हे ग्लोबल चल असतं. समजा तिथे 'उंची' ठरवली आणि वरच्या फंक्शनने ती आगंतुकासारखी उचलून वापरली. फाइल थेट चालवा, उत्तर येतं. नोटबुकमध्येही येतं. दुसऱ्या फाइलमधून इम्पोर्ट करून तेच फंक्शन बोलवा, की 'उंची' नावाचं काही नाही अशी एरर येते. कारण तो भाग चाललेलाच नसतो.

उपाय जुनाच आहे. करायचं ते सगळं मेन नावाच्या एका साध्या फंक्शनमध्ये घाला. फंक्शनला जे लागतं ते त्याला हातात द्या, इकडून तिकडून उचलू देऊ नका. पिकल होणारे क्लास वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे त्यांचा पत्ता बदलणार नाही. आणि गार्डखाली एकच ओळ ठेवा: मेनला बोलावणारी. फाइल पॅकेजच्या आत असेल तर ती 'हायफन एम' देऊन मॉड्यूलच्या नावाने चालवा, म्हणजे शेजारच्या फाइली तिला सापडतील.

तुमचा स्वतःचा कोड कुठे आहे, हे पाहायला मिनिटभर पुरे. तुमच्या फाइलींच्या फोल्डरची आधी एक प्रत काढा, त्या प्रतीत जाऊन पायथन प्रॉम्प्ट सुरू करा आणि सगळ्यात महत्त्वाची फाइल इम्पोर्ट करा. काहीही छापलं न जाता, एकही फाइल न लिहिता प्रॉम्प्ट परत आला, तर तुमचं काम दुसऱ्या कुणालाही तपासता येईल. नाही आला, तर निबंध पाठवण्याआधी काय करायचं ते तुम्हाला कळलंच आहे. प्रत काढायला मात्र विसरू नका.