क्षितिजरेषेचे काय करायचे?

निसर्गचित्राची चौकट बहुतेक वेळा आडवी असते आणि तिच्यात कुठे ना कुठे क्षितिजरेषा असते. ही रेषा प्रेक्षकाला उभे राहायला जागा देते, जवळ-लांबचे अंतर ठरवते आणि रंगाच्या पट्ट्याला आकाश किंवा जमीन असे नाव मिळवून देते. आधुनिक भारतीय चित्रकलेत ज्या प्रवाहाला चिंतनशील अमूर्त निसर्गचित्रण म्हटले जाते, त्याची वाटचाल बव्हंशी या एका रेषेचे काय करायचे या प्रश्नाभोवती झालेली दिसते. 'चिंतनशील' हे विशेषण मात्र इतके सरसकट वापरले गेले आहे की, चित्रातले चिंतन विषयात नसून रंग चढवण्याच्या आणि उतरवण्याच्या कामात असते, हेच नजरेआड होते.

चित्रकार राम कुमार १९६० मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्यासह वाराणसीला गेले, तोवर त्यांच्या चित्रांत शहरातली उदास, एकाकी माणसे असत. त्या प्रवासानंतर ती माणसे हळूहळू नाहीशी झाली. ज्या घाटांवर पाय ठेवायला जागा नसते त्या घाटांचे चित्र एकाही माणसाशिवाय काढावे, हा निर्णय वरवर विचित्र वाटतो. पण एकमेकांना खेटलेली काळी-करडी घरे आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटी पाहताना गर्दीचा दाब माणसांशिवायही जाणवतो. पुढे घरांचेही पाचरीसारखे तुकडे झाले आणि निळा, गेरूसारखा पिवळा, मळकट हिरवा असे रंगच डोंगर आणि पाणी होऊन बसले. क्षितिज तुटले, तरी जागेची आठवण सुटली नाही. अकबर पदमसी यांनी सत्तरच्या दशकापासून रंगवलेल्या 'मेटास्केप' मालिकेत, म्हणजे प्रत्यक्ष भूप्रदेशाच्या पलीकडल्या, मनाने रचलेल्या दृश्यांत, सूर्य आणि चंद्र एकाच आकाशात येतात. त्यामागे कालिदासाच्या 'शाकुंतला'तील नांदीची प्रेरणा असल्यामुळे तिथे स्थळापेक्षा काळ हाच खरा विषय ठरतो.

या प्रवाहाची सर्वांत कठोर कसोटी वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांत लागते. गोमंतकीय कुटुंबात नागपूरला जन्मलेल्या आणि १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेल्या या चित्रकाराने आपल्या कामासाठी 'अमूर्त' हा शब्दही नाकारला. अमूर्तात मूळ वस्तू गृहीत असते आणि तिचे रूप गाळत जावे लागते. त्यांना जवळच्या वाटणाऱ्या वस्तुनिरपेक्ष चित्रात अशी मूळ वस्तूच नसते. तरीही त्यांच्या कॅनव्हाससमोर उभा राहिलेला प्रेक्षक समुद्र, धुके, पाण्याखालचा उजेड असे काही ना काही शोधतोच, आणि त्याचा दोष सर्वस्वी प्रेक्षकाकडे जात नाही. साठच्या दशकातल्या त्यांच्या आडव्या चित्रांत मधोमध एक पट्टा सरकत असे आणि तो क्षितिजासारखा वाचला जाणे स्वाभाविक होते. त्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कॅनव्हास उभा केला. ही साधी वाटणारी गोष्ट निर्णायक आहे, कारण उभ्या चौकटीत नजर डावी-उजवीकडे प्रवास न करता वर-खाली तरंगते आणि समुद्रकिनारी उभे असल्याचा भास टिकत नाही. रोलरने पातळ थर द्यायचा, पॅलेट नाईफने तो खरवडायचा, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे आणि वाळू द्यायचे, असे त्यांचे काम चाले. जवळून पाहिले तर पृष्ठभागावर खालच्या थराच्या कडा, पुसलेल्या आकारांचे डाग आणि कागदाने उचललेल्या रंगाचे ओरखडे दिसतात. चार पावले मागे सरकताच तेच सगळे प्रकाश होऊन जाते. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होण्याचे कारण साधनेच्या कथांइतकेच या वाळण्याच्या वेळातही शोधायला हवे.

गायतोंडे यांच्या नावाभोवती ऋषितुल्य मौनाचे वलय तयार झाले आणि २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींहून अधिक रुपये मिळाल्यावर त्या वलयाला भावही आला. त्याचा परिणाम इतरांच्या प्रदर्शनांतून दिसतो. रोलरने फिरवलेला निळा-करडा पोत, मध्ये सोनेरी ठिपका आणि शीर्षकात 'शांती' किंवा 'ध्यान', एवढ्या सामग्रीवर चिंतनाचा दावा केला जातो. पोत हा शब्द मुळात विणीचा, आणि विणीला आत धागा लागतो. या चित्रांत वरचा थर खरवडला तर खाली कोरा कॅनव्हासच निघावा, अशी शंका येते.

या पार्श्वभूमीवर गणेश हलोई यांचे काम वेगळे उठून दिसते. जमालपूरमध्ये, आजच्या बांगलादेशात, १९३६ साली जन्मलेले आणि फाळणीनंतर कोलकात्याला आलेले हलोई १९५७ ते १९६३ या काळात पुरातत्त्व खात्यासाठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. झिजलेल्या गिलाव्यावर कुठे रंग उरला आहे आणि कुठे नुसती भिंत, हे प्रतिकृती करणाऱ्याला बोटभर जागेतही ठरवावे लागते. त्यांच्या गुआशमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या अपारदर्शक रंगांच्या चित्रांत, ती सवय उतरलेली दिसते. शेत वरून पाहिलेले असते, शेजारचे पाणी समोरून, आणि दोन्हींना जोडणारे क्षितिज कुठेच नसते. हिरव्या सपाटीवर बांधासारखी एक रेघ निघते, तीन-चार टिंबांपाशी अडखळते आणि कडेला पोहोचण्याआधीच थांबते.